गूगल अर्थमधल्या सेव्ह केलेल्या जागा उडाल्या? परत उघडबंद करू नका, आधी हे वाचा

गूगल अर्थ प्रो उघडलं आणि डावीकडच्या पॅनलमध्ये माय प्लेसेस रिकामं दिसतंय, किंवा फाइल वाचता येत नाही असा मेसेज आलाय, किंवा अर्धी फोल्डर्स आहेत आणि अर्धी नाहीत, तर पहिली गोष्ट म्हणजे "परत एकदा उघडून बघू" हे करू नका. रीस्टार्ट केल्यावर बरं होईल असं आपल्या सगळ्यांना वाटतं आणि बाकी प्रोग्रॅम्सच्या बाबतीत ते बरोबरही असतं, पण इथे ते घातक आहे. प्रोग्रॅम बंद होताना आत्ता पॅनलमध्ये जे काही दिसतंय तेच फाइलमध्ये लिहितो, आणि त्याआधी जी फाइल होती ती बॅकअप म्हणून बाजूला ठेवतो. म्हणजे खराब फाइलमुळे पॅनल रिकामं आलं आणि तुम्ही बंद केलं, की मुख्य फाइल रिकामी. परत उघडून परत बंद केलं, की बॅकअपसुद्धा रिकामा. दोन वेळा उघडबंद केलं की दोन्ही प्रती गेल्या.

माझं अगदी असंच झालं होतं. प्रोग्रॅम चालू असताना लॅपटॉपची बॅटरी संपली, चालू केल्यावर माय प्लेसेस रिकामं, मी घाबरून तीनचार वेळा उघडबंद केलं आणि दोन वर्षं फिरून फिरून टाकलेल्या झऱ्यांच्या आणि पायवाटांच्या पिना, त्यातल्या सगळ्या नोट्ससकट गेल्या. नंतर कळलं की पहिल्यांदा उघडलं तेव्हा बॅकअप फाइल बहुतेक धडधाकट होती. म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय, दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं.

फाइल असते कुठे

आधी एक गैरसमज काढून टाकू. डेस्कटॉपवरच्या गूगल अर्थ प्रोमधलं माय प्लेसेस तुमच्या गूगल अकाउंटमध्ये नसतं. लॉगिन केलं, पासवर्ड बदलला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलं तरी ते तिकडून येणार नाही कारण ते तिकडे कधी गेलेलंच नसतं. ते तुमच्या डिस्कवर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतं, नाव मायप्लेसेस, एक्स्टेन्शन केएमएल. गूगल मॅप्सवर स्टार करून ठेवलेल्या जागा, माय मॅप्समध्ये बनवलेले नकाशे, ब्राउझरमधल्या अर्थचे प्रोजेक्ट्स ही सगळी वेगळी प्रकरणं आहेत, त्यांचा या फाइलशी संबंध नाही.

विंडोजवर सी ड्राइव्ह, मग यूजर्स, मग तुमच्या नावाचं फोल्डर, मग अ‍ॅपडेटा, मग लोकललो, मग गूगल, मग गूगलअर्थ. अ‍ॅपडेटा हे फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन हिडन आयटम्स चालू करा आणि तिथेच फाइल नेम एक्स्टेन्शन्सपण चालू करा, ते नसेल तर पुढे नाव बदलताना केएमएलच्या मागे अजून एक केएमएल लागतं आणि आपल्याला ते दिसतच नाही. अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन टक्के चिन्हांच्या मधे अ‍ॅपडेटा टाइप करून एंटर मारलं तर थेट रोमिंग नावाच्या फोल्डरमध्ये जाता, तिथून एक पायरी वर आलं की लोकललो दिसतं. मॅकवर फाइंडर उघडा, ऑप्शन की दाबून धरून गो मेनू उघडा, म्हणजे लायब्ररी दिसेल, त्यात अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट, त्यात गूगल अर्थ. लिनक्सवर होम फोल्डरमध्ये टिंब लावून सुरू होणारं गूगलअर्थ नावाचं लपलेलं फोल्डर असतं.

तिथे गेलात की मायप्लेसेसने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइल्स बघा. मुख्य फाइल असेल, मधे बॅकअप शब्द असलेली दुसरी असेल, आणि कधीकधी शेवटी टीएमपी लागलेली तिसरी, जी लिहिता लिहिता काम अर्धवट तुटलं की मागे राहते. टीएमपी आहे म्हणून कचरा समजून उडवू नका, कधीकधी तीच सगळ्यात भरलेली निघते. या सगळ्याच्या सगळ्या फाइल्स उचलून, म्हणजे कॉपी करून, डेस्कटॉपवर एका नव्या फोल्डरमध्ये टाका, आणि शक्य असेल तर पेनड्राइव्हवरपण. इथून पुढे जे करायचं ते त्या कॉपीच्या कॉपीवर. मूळ कॉपीला हात लावायचा नाही.

आणि प्रोग्रॅम आत्ता रिकामं माय प्लेसेस दाखवत उघडाच असेल तर? मग बंद करायच्या आधीच ही कॉपी करून घ्या, फाइल्स कॉपी करायला प्रोग्रॅम बंद असायची गरज नसते. मग बंद करा, आणि टास्क मॅनेजरमध्ये बघा की तो खरंच बंद झालाय, खिडकी गेली तरी मागे थोडा वेळ प्रोसेस चालू राहते.

खरंच करप्ट आहे का

हे पाच मिनिटांचं काम आहे पण कधीकधी सगळा ताप इथेच संपतो. फोल्डरच्या बाजूचा चेकमार्क निघालेला असतो आणि नकाशावर काही दिसत नाही, एवढंच कारण. किंवा वर टाइम स्लायडर आलेला असतो: जीपीएसवरून आणलेल्या ट्रॅक्सना आणि पॉइंट्सना तारीख-वेळ चिकटलेली असते, आणि स्लायडरवर निवडलेल्या काळाच्या बाहेरचे पॉइंट्स नकाशावर दिसत नाहीत. स्लायडर पूर्ण ताणून बघा. किंवा तुम्ही कॉम्प्युटरवर वेगळ्या यूजरने लॉगिन केलंय, प्रत्येक यूजरची मायप्लेसेस फाइल वेगळी असते. किंवा त्या जागा टेम्पररी प्लेसेसमध्ये होत्या, तिथलं सामान बंद करताना प्रोग्रॅम विचारतो की ठेवायचं का, आणि घाईत नाही म्हटलं की गेलं. ते करप्शन नाही, आणि दुर्दैवाने मूळ फाइल जिथून उघडली होती तिथूनच ते परत मिळतं.

प्रोग्रॅम चालूच होत नसेल, उघडता उघडता क्रॅश होत असेल, तर कॉपी केल्यावर मुख्य मायप्लेसेस फाइल तिथून हलवून बघा. आता उघडला तर दोष फाइलचा. तरीही नाही उघडला तर भानगड दुसरी आहे, बरेचदा ग्राफिक्सची किंवा कॅशची, आणि हेल्प मेनूमधल्या रिपेअर टूलमध्ये डायरेक्टएक्स आणि ओपनजीएल बदलायचं आणि डिस्क कॅश साफ करायचं बटन असतं. पण ते टूल तुमच्या जागांची फाइल दुरुस्त करत नाही, नावावरून तसं वाटतं म्हणून सांगितलं.

फाइलची साइज बघा

साइज बघून निम्मं निदान होतं. साधी एक पिन तिच्या आयकॉनच्या स्टाइलसकट साधारण एखाददोन केबी घेते, नोट्स लांबलचक असतील तर जास्त. म्हणजे तुमच्याकडे पाचशे पिना असतील तर फाइल काही शे केबीची असायला हवी. मुख्य फाइल शून्य किंवा दोनतीन केबी आणि बॅकअप सहाशे केबी असं दिसलं तर निश्वास सोडा, बॅकअप वाचलाय.

आता बॅकअप कसा वापरायचा याचे दोन रस्ते आहेत. बहुतेक ठिकाणी सांगतात तो असा, की प्रोग्रॅम बंद करून मुख्य फाइलचं नाव बदला आणि बॅकअपच्या नावातला मधला बॅकअप शब्द काढून तिला मुख्य करा. चालतं ते. पण मला दुसरा रस्ता जास्त सुरक्षित वाटतो: बॅकअपची कॉपी घ्या, तिला काहीतरी वेगळंच नाव द्या, उदाहरणार्थ जुन्या जागा, आणि प्रोग्रॅम उघडून फाइल मेनूतून ओपन करा. ती टेम्पररी प्लेसेसमध्ये येते, तिथे नीट बघता येतं काय आलं काय नाही, आणि मग जे हवं ते ओढून माय प्लेसेसमध्ये टाकायचं. काही बिघडलं तरी मूळ फाइल जागच्या जागी. ओढून झालं की लगेच फाइल मेनूतल्या सेव्हमध्ये सेव्ह माय प्लेसेस दाबा, प्रोग्रॅम बंद करेपर्यंत थांबू नका.

फाइल मोठी आहे पण उघडत नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे डेटा असतो आणि लोक तो सोडून देतात. केएमएल म्हणजे मुळात एक्सएमएल, साधा मजकूर. कीहोल नावाच्या कंपनीने ती बनवली, २००४ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली, २००५ मध्ये गूगल अर्थ आलं आणि २००८ मध्ये केएमएल ओपन जिओस्पेशियल कन्सोर्टियमचं अधिकृत स्टँडर्ड झालं. याचा आपल्याला फायदा असा की फाइल कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून माणसाला वाचता येते आणि हाताने दुरुस्त करता येते. तोटा असा की एक्सएमएल फार कडक असतं, दहा हजार ओळींत एक चिन्ह चुकलं तरी पूर्ण फाइल नाकारली जाते.

नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड वापरा. विंडोजचं साधं नोटपॅड जुन्या मशीनवर वापरू नका, कारण २०१९ च्या विंडोज अपडेटपर्यंत ते डीफॉल्टने एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये (म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत) सेव्ह करायचं, आणि आपली देवनागरी नावं एएनएसआयमध्ये गेली की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं. ती प्रश्नचिन्हं कायमची, मागे काही उरत नाही. याउलट मराठी नावांच्या जागी खुणा लावलेली परदेशी अक्षरं दिसत असतील तर घाबरू नका, तिथे बाइट्स शाबूत असतात, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने वाचले जातायत. एडिटरमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडून परत उघडलं की बहुतेक वेळा नावं जिथल्या तिथे येतात. मात्र ती विचित्र अक्षरं दिसत असतानाच सेव्ह मारू नका.

फाइल उघडल्यावर नुसतंच काळं काळं, एनयूएल एनयूएल लिहिलेलं किंवा कोरी जागा दिसली, साइज मात्र बरोबर आहे, तर वाईट बातमी. अचानक वीज गेली की असं होतं: फाइलची लांबी डिस्कवर नोंदली गेली पण आतला मजकूर लिहायचा राहून गेला, म्हणून सगळे शून्य. त्यात दुरुस्त करायला काही नसतं. बॅकअप, टीएमपी, आणि मग विंडोजचं फाइल हिस्ट्री किंवा मॅकचं टाइम मशीन, या क्रमाने बघा. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये प्रीव्हियस व्हर्जन्स टॅबपण बघा, काहींच्या मशीनवर ते चालू असतं आणि त्यांना माहीत नसतं.

मजकूर दिसतोय, तर चूक शोधायची सोपी युक्ती सांगतो. कॉपीचं एक्स्टेन्शन केएमएल काढून एक्सएमएल करा आणि ती फाइल फायरफॉक्समध्ये ओढून टाका. चूक असेल तर तो कितव्या ओळीत, कितव्या कॉलममध्ये ते सांगतो. एका वेळी एकच, पहिली चूक सांगतो, म्हणून दुरुस्त करा, सेव्ह करा, रिफ्रेश करा, पुढची बघा. कंटाळवाणं आहे पण मी वीसेक मिनिटांत एका मित्राची पूर्ण फाइल अशी उभी केली आहे. आणि ओळ नंबर आला की त्या ओळीच्या जरा वरपण बघायचं, कारण टॅग (टोकदार कंसांत लिहिलेली खूण) वर कुठेतरी उघडा राहिलेला असतो आणि तक्रार खाली येते.

नेहमी सापडणाऱ्या चुका म्हणाल तर पहिला नंबर अँड चिन्हाचा. "धबधबा & गुहा" असं नाव बाहेरच्या एखाद्या टूलने किंवा हाताने फाइलमध्ये कच्चं लिहिलं की फाइल अडते. त्या चिन्हाला चिकटून इंग्रजी लहान लिपीतली एएमपी ही तीन अक्षरं आणि मग अर्धविराम लावायचा, मधे जागा न सोडता. शोधा-आणि-बदला सगळीकडे एकदम मारू नका, कारण जी आधीच बरोबर आहेत ती दुप्पट होतील. लहान-पेक्षा चिन्हाचंही तसंच. दुसरं म्हणजे न दिसणारी कंट्रोल कॅरेक्टर्स: कुठल्यातरी पीडीएफमधून वर्णन कॉपी करून पिनच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाकलेलं असतं आणि त्याच्याबरोबर एखादं अदृश्य चिन्ह येतं. एक्सएमएलमध्ये टॅब आणि नव्या ओळीची दोन सोडली तर बत्तीसच्या खालच्या कोड नंबरचं कुठलंही कंट्रोल कॅरेक्टर चालत नाही. नोटपॅड प्लस प्लसमध्ये शो ऑल कॅरेक्टर्स चालू केलं की ती छोट्या काळ्या चौकोनात दिसतात, सरळ डिलीट करा.

तिसरी आणि क्रॅशनंतर सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे तुटलेली शेपटी. फाइल एखाद्या पिनच्या मधेच संपते. शेवटापासून वर या, जिथे शेवटची पूर्ण पिन संपते, म्हणजे प्लेसमार्कचा बंद करणारा टॅग आहे, तिथपर्यंत ठेवा, खालचं अर्धवट तुकडं उडवा, आणि मग जेवढे फोल्डर उघडे आहेत तेवढे फोल्डरचे बंद टॅग, मग डॉक्युमेंटचा, मग केएमएलचा, याच क्रमाने. बंद टॅग म्हणजे तेच नाव आणि त्याच्या आधी तिरकी रेघ. स्पेलिंग वरच्या टॅगमधूनच कॉपी करा, लहान-मोठी लिपी एक्सएमएलला वेगवेगळी वाटते. किती फोल्डर उघडे आहेत ते मोजायला व्हीएस कोडमध्ये डावीकडचे बाण मिटवत जायचं, म्हणजे रचना दिसते. हाताने नको असेल तर एक्सएमएललिंट नावाचं कमांड लाइन टूल आहे, त्याला रिकव्हर हा ऑप्शन दिला की तो जमेल तेवढं सांधून नवी फाइल देतो, पण कुठे काय गाळलं ते नंतर बघावंच लागतं. आयकॉनच्या स्टाइल्स फाइलच्या सुरुवातीला असतात, त्यामुळे शेपटी तुटली तरी वाचलेल्या पिनांचे रंग-आयकॉन सहसा शाबूत राहतात.

काही वेळा प्रोग्रॅम चुका गुपचूप गिळतो आणि अर्धीच फाइल दाखवतो, आणि तुम्हाला वाटतं सगळं आलं. टूल्समध्ये ऑप्शन्स, जनरल टॅब, तिथे केएमएल एरर हँडलिंग आहे, ते सगळ्या चुका दाखवा यावर ठेवा निदान दुरुस्ती चालू असेपर्यंत.

पिना आहेत पण भलतीकडेच

फाइल उघडते, नावं बरोबर, पण जागा चुकलेल्या. जवळजवळ नेहमी कोऑर्डिनेट्सचा क्रम. केएमएलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश, मग उंची, मधे स्वल्पविराम आणि जागा सोडायची नाही. आपण बोलताना आणि बहुतेक अ‍ॅप्समध्ये आधी अक्षांश म्हणतो, त्यामुळे एक्सेलमधून बनवलेल्या फाइलीत हमखास उलटं होतं. ४० उत्तर, १० पूर्व ही सार्डिनियाजवळची जागा उलटी झाली की थेट इथिओपियात जाते. सगळ्या पिना आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात एका ठिकाणी ढीग करून पडल्या असतील तर कोऑर्डिनेट्स शून्य-शून्य झालेत. आणि ज्या कॉम्प्युटरवर दशांश चिन्ह म्हणून टिंबाऐवजी स्वल्पविराम लावलेला असतो तिथून आलेल्या आकड्यांचे तुकडे होतात, ते टिंबात बदलावे लागतात.

दोन फाइल्स जोडायच्या असतील, समजा बॅकअपमधल्या जुन्या आणि टीएमपीमधल्या नव्या, तर एडिटरमध्ये एकाचा मजकूर दुसऱ्यात पेस्ट करू नका. दोन्हीकडे एकाच आयडीच्या स्टाइल्स असतात आणि आयकॉन्सची सरमिसळ होते. दोन्ही दुरुस्त करून प्रोग्रॅममध्ये वेगवेगळ्या उघडा आणि ओढून एकत्र करा.

क्यूजीआयएस वापरणाऱ्यांसाठी

थोडक्यात. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्पेशियल बुकमार्क्स, म्हणजे सेव्ह केलेल्या जागा, ३.१० आवृत्तीपासून यूजर प्रोफाइल फोल्डरमध्ये बुकमार्क्स नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये असतात, सेटिंग्जमधून यूजर प्रोफाइल्स, तिथून ओपन अ‍ॅक्टिव्ह प्रोफाइल फोल्डर केलं की सापडते, आणि वरची फायरफॉक्सची युक्ती जशीच्या तशी चालते. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये ते क्यूजीआयएस नावाच्या डीबी फाइलमध्ये, म्हणजे एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असायचे. ती फाइल मालफॉर्म्ड आहे असं म्हणत असेल तर एसक्यूलाइटच्या कमांड लाइनमधली रिकव्हर कमांड वापरा. प्रोजेक्टमध्ये सेव्ह केलेले बुकमार्क्स प्रोजेक्ट फाइलमध्येच असतात. क्यूजीझेड ही झिप फाइल आहे, एक्स्टेन्शन झिप करून उघडा, आतली क्यूजीएस फाइल परत एक्सएमएलच. बुकमार्क आहे पण क्लिक केल्यावर कुठेतरी रिकाम्या जागी जातो, तर बहुतेक वेळा कोऑर्डिनेट सिस्टीमचा घोळ असतो, बुकमार्क एडिट करून सीआरएस तपासा.

परत होऊ नये म्हणून

माय प्लेसेसवर राइट क्लिक करा, सेव्ह प्लेस अ‍ॅज, केएमझेड (म्हणजे झिप केलेली केएमएल) निवडा, नावात तारीख टाका, दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउड ड्राइव्हवर ठेवा. दर वेळी नवं नाव, जुन्यावर लिहायचं नाही. मी दर रविवारी करतो आणि मोठी भटकंती करून आलो की त्याच दिवशी. मूळ गूगलअर्थ फोल्डरच क्लाउडवर सिंक करून दोन मशीनवर वापरायचा जुगाड काहीजण करतात, तो टाळा, दोन्हीकडे एकदम उघडं राहिलं की जो शेवटी बंद होईल त्याची फाइल दुसऱ्यावर चढते.

नव्या पिना टाकल्यावर मधूनमधून सेव्ह माय प्लेसेस दाबायची सवय लावा, क्रॅश झाला की शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं जातं. प्रोग्रॅम अडकला म्हणून टास्क मॅनेजरमधून लगेच मारू नका, फाइल मोठी असेल तर बंद होताना लिहायला वेळ लागतो, दोन मिनिटं द्या. आणि हजारो पिना असतील तर सगळं माय प्लेसेसमध्ये कोंबू नका, विषयवार वेगळ्या केएमझेड फाइल्स करा आणि लागेल ती उघडा. प्रोग्रॅम पटकन सुरू होतो आणि एक फाइल बिघडली तरी बाकीच्या वाचतात.

फोटो लावलेल्या पिनांचं एक वेगळं बघा. डिस्कवरचा फोटो पिनला जोडला की केएमएलमध्ये फक्त त्याचा पत्ता असतो, फोटो नसतो, त्यामुळे फोटोचं फोल्डर हलवलं की लाल फुली दिसते आणि वाटतं पिन करप्ट झाली. केएमझेड करताना स्थानिक फोटो आत बांधले जातात, पण झालेत की नाही ते बघायला ती केएमझेड एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा आणि दोनचार फोटोवाल्या पिनांवर क्लिक करून बघा, फुली दिसली तर त्या फोटोंचे पत्ते आधी दुरुस्त करून मगच परत सेव्ह करा.